एकाच कलमाचे तारण

बँकेच्या नोकरीत बदली कुणाला चुकत नाही. ऐंशीच्या दशकात माझी जालन्याहून रत्नागिरीला बदली झाली आणि समुद्र मी पहिल्यांदाच पाहिला. ओहोटी लागली की खडकांना चिकटलेले हिरव्या कवचाच्या शिंपल्यांचे घोस उघडे पडत. गोव्याकडे यांना शिनाणे म्हणतात. आतला गर नारिंगी असेल तर मादी, पांढरट असेल तर नर, असे शेजारच्या वहिनींनी सांगितले, तेव्हा आम्हा मराठवाड्यातल्या माणसांना मोठे नवल वाटले.

पुढे वाचनात आले, की या प्राण्याचा संसारही नवलाचाच आहे. नर-मादी आपापले बीज पाण्यात सोडून मोकळे होतात. जन्मलेली पिल्ले दोन-तीन आठवडे प्रवाहाबरोबर भटकतात आणि आधार मिळेल तिथे धाग्यांनी चिकटून बसतात. एकेका मादीची अंडी लाखांनी, पण प्रत्येक पिल्लाची जनुकांची मोट निराळी. एवढा पसारा कशासाठी? न्यूयॉर्कजवळच्या लाँग आयलंड साउंड या समुद्रपट्ट्यातल्या निळ्या शिंपल्यांवरचे संशोधन १९८० मध्ये प्रसिद्ध झाले. तिथे बाहेरच्या खाऱ्या समुद्रातून पिल्ले आत येतात. आतले पाणी कमी खारट. खाऱ्या पाण्यात उपयोगी पडणारे एका जनुकाचे रूप इथे अंगावर येते, शरीरातला नत्र वाया घालवते. ते रूप असलेली पिल्ले मोठ्या संख्येने मरतात, बाकीची तगतात. कोणत्या पिल्लाला कुठले पाणी मिळेल हे ठाऊक नसते; म्हणून सगळ्या तऱ्हेची पिल्ले असलेली बरी.

याच्या अगदी उलट गोष्ट माझ्या जिल्ह्यात आहे. ती म्हणजे मोसंबी. भौगोलिक मानांकन मिळालेली जालन्याची मोसंबी आपण कौतुकाने खातो. पण हिची झाडे डोळा भरून तयार होतात. म्हणजे एका झाडाचा डोळा हजारो खुंटांवर. बी लावले तरी बहुधा आईचीच नक्कल उगवते, कारण बियांतले बहुतेक गर्भ आईच्याच पेशींतून तयार होतात. सबंध बाग म्हणजे जणू एकच झाड, हजार ठिकाणी उभे असलेले.

आम्हा बँकवाल्यांना हे फार आवडे. नव्वदच्या दशकात अंबडकडच्या एका शेतकऱ्याचा बागेच्या कर्जाचा अर्ज माझ्या टेबलावर आला. त्यांच्या शेतात पेरू, सीताफळ, लिंबू असा मिसळा होता. मीच त्यांना म्हणालो, "काका, हे काढा. सरसकट मोसंबी लावा, म्हणजे कागद सुटसुटीत होईल." त्यांनी ऐकले. बागही उत्तम आली.

२०१२-१३ च्या दुष्काळात विहिरी आटल्या. जिल्ह्यातल्या बागांची सरपणे झाली, त्यात ही बागही गेली. मी भेटायला गेलो, तेव्हा बांधावर एक बोराचे झाड तेवढे हिरवे होते. काका म्हणाले, "सायेब, ह्ये तुमच्या कागदात नव्हतं, म्हून राहिलं." त्यांच्या बोलण्यात राग नव्हता. म्हणूनच ते मला आजवर विसरता आले नाही.

हा धोका केवळ पाण्याचा नाही. ब्राझीलमध्ये १९३०-४० च्या सुमारास मावा किडीने पसरवलेल्या ट्रिस्टेझा रोगाने लाखो संत्र्यांची झाडे मारली, कारण सगळी एकाच आंबट संत्र्याच्या खुंटावर होती. मग तिथे आपल्या उपखंडातल्या रंगपूर लिंबाचा खुंट आला आणि बागा सावरल्या. पण पुन्हा बहुतेक सगळ्यांनी तोच एक खुंट धरला. २००१ च्या सुमारास नवा रोग आला, त्याने नेमका तोच गाठला.

एकसारखेपणात नफा आहे, हे मी नाकारत नाही. बाजाराला एकाच आकाराचे, एकाच गोडीचे फळ हवे असते. पण बँकेत आम्ही सारी रक्कम एकाच खातेदाराला देत नसू. जोखीम वाटून ठेवणे हा आमचा पहिला धडा. शेताच्या बाबतीत तो आम्हीच विसरलो. रोपवाटिकांनी एकाहून अधिक खुंटांवरची रोपे ठेवावीत, बदनापूरच्या मोसंबी संशोधन केंद्रासारख्या संस्थांनी निराळी झाडे सांभाळून ठेवावीत, आणि कर्जाच्या अर्जात मिसळ्याच्या शेतीला दोष न मानता तारण मानावे, एवढेच माझे मागणे आहे.

आता निवृत्त झालो आहे. सही करायला टेबल उरलेले नाही. तरी कुणी नवी बाग लावायची म्हणून सल्ला विचारायला आले, की मी आधी एकच विचारतो, "बांधावर काय ठेवलंय?"