पीएसएचा आकडा ‘नॉर्मल’, पण गोळी कोणती सुरू आहे?

दक्षिण नागपुरातील हुडकेश्वरसारख्या वाढत्या वस्त्यांत आता रक्ताचा नमुना घरून नेला जातो आणि रिपोर्ट मोबाइलवर येतो. पन्नाशी ओलांडलेल्या पुरुषांच्या ‘संपूर्ण शरीर तपासणी’त साखर, कोलेस्टेरॉल, थायरॉइड यांच्यासोबत अनेकदा ‘पीएसए’ची एक ओळ असते. आकडा ४ नॅनोग्रॅमच्या आत असला की निश्चिंती, वर गेला की घरात कर्करोगाची भीती. या दोन्ही प्रतिक्रिया घाईच्या आहेत. हा आकडा हार्मोन, औषधे आणि वजन यांमुळे वर-खाली होतो आणि रिपोर्टवर त्याची नोंद नसते.

या चाचणीची चर्चा २०२५ मध्ये जगभर झाली. अमेरिकेचे माजी अध्यक्ष जो बायडेन यांना हाडांपर्यंत पसरलेला प्रोस्टेट कर्करोग असल्याचे १८ मे रोजी जाहीर झाले. त्यांची शेवटची पीएसए चाचणी २०१४ मध्ये झाल्याचे त्यांच्या कार्यालयाने सांगितले. त्यानंतर ऑक्टोबरमध्ये युरोपातील आठ देशांच्या मोठ्या अभ्यासाचा २३ वर्षांचा हिशेब प्रसिद्ध झाला. ५५ ते ६९ वयोगटातील १ लाख ६२ हजारांहून अधिक पुरुषांच्या या अभ्यासात चाचणीसाठी बोलावलेल्या गटात प्रोस्टेट कर्करोगाचे मृत्यू १३ टक्क्यांनी कमी आढळले. म्हणजे ४५६ पुरुषांना बोलावल्यावर एक मृत्यू टळला. चाचणी उपयोगी आहे, पण तिचा फायदा मर्यादित आहे. म्हणूनच आकड्याचा अर्थ नीट लावणे महत्त्वाचे.

पीएसए हे प्रोस्टेट ग्रंथीत तयार होणारे प्रथिन. वीर्य पातळ ठेवणे हे त्याचे काम. त्यातील थोडा अंश रक्तात उतरतो. वयानुसार ग्रंथी वाढली, लघवीच्या मार्गात जंतुसंसर्ग झाला, कॅथेटर घातला किंवा चाचणीच्या एक-दोन दिवस आधी वीर्यपात झाला, तरी आकडा वाढू शकतो. आकडा वाढल्यामुळे ज्यांची बायोप्सी होते, त्यांच्यापैकी साधारण चौघांत एकालाच कर्करोग निघतो. उलटही घडते. २००४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अमेरिकी अभ्यासात पीएसए ४ किंवा त्याहून कमी असलेल्या सुमारे १५ टक्के पुरुषांच्या बायोप्सीत कर्करोग सापडला होता.

ही ग्रंथी पुरुषी हार्मोनवर पोसली जाते. शिकागोचे शल्यचिकित्सक चार्ल्स हगिन्स यांनी १९४१ मध्ये हे रक्ताच्या चाचणीतूनच दाखवले. तेव्हा पीएसए नव्हते. ‘ॲसिड फॉस्फटेज’ हे विकर मोजत. वृषण काढल्यावर कर्करोगाच्या रुग्णांत ते घसरले आणि टेस्टोस्टेरॉनचे इंजेक्शन दिल्यावर वाढले. या कामासाठी हगिन्स यांना १९६६ चे नोबेल मिळाले. मात्र जितके टेस्टोस्टेरॉन जास्त तितके पीएसए जास्त, असा सरळ हिशेब नाही. ज्यांच्यात हार्मोन फार कमी आहे, त्यांना ते बाहेरून दिल्यावर पीएसए वाढते. पातळी पुरेशी असेल तर आणखी हार्मोनने फारसा फरक पडत नाही.

खरी गफलत गोळ्यांमुळे होते. टेस्टोस्टेरॉनचे डीएचटी या अधिक प्रभावी हार्मोनमध्ये रूपांतर होते आणि प्रोस्टेट वाढते ते प्रामुख्याने त्याच्यामुळे. फिनास्टेराइड आणि ड्युटास्टेराइड ही औषधे हे रूपांतर रोखतात. लघवीचा त्रास असलेल्या ज्येष्ठांना ती दिली जातात. टक्कल पडू नये म्हणून तरुणही फिनास्टेराइड घेतात. सहा महिने ते वर्षभरात या औषधांनी पीएसए साधारण निम्मे होते. केसांसाठीच्या १ मिलिग्रॅमच्या गोळीनेही ते जवळपास तेवढेच उतरते. म्हणजे रिपोर्टवरचे ३ प्रत्यक्षात ६ असू शकतात.

याची किंमत मोजावी लागते. अमेरिकेतील माजी सैनिकांच्या नोंदींवर आधारित २०१९ च्या अभ्यासात पीएसए वाढल्यापासून कर्करोगाचे निदान होईपर्यंत इतरांना सुमारे १.४ वर्षे लागली, तर या गोळ्या घेणाऱ्यांना ३.६ वर्षे. प्रोस्टेट कर्करोगाने झालेल्या मृत्यूंचे प्रमाणही त्यांच्यात अधिक होते. दोष गोळीचा नव्हता. आकडा दुप्पट करून वाचला गेला नाही, हा होता.

मग आहाराचे काय? विदर्भात जवसाची चटणी ताटात असतेच. शस्त्रक्रियेची वाट पाहणाऱ्या १६१ रुग्णांवर अमेरिकेत प्रयोग झाला. त्यातील काही गटांना रोज ३० ग्रॅम जवस दिले. २००८ मधील निष्कर्षांनुसार त्यांच्या गाठीतील पेशींची वाढ मंदावली, पण रक्तातील पीएसएत लक्षणीय फरक दिसला नाही. भाज्यांचे प्रमाण वाढवूनही कर्करोग पुढे सरकण्याचा वेग कमी झाला नाही, असे ४७८ रुग्णांच्या अभ्यासाने २०२० मध्ये दाखवले. पूरक गोळ्यांबाबत तर सावधच राहावे: ३५ हजारांवर पुरुषांच्या एका चाचणीत ‘ई’ जीवनसत्त्वाच्या गोळ्या घेणाऱ्यांत प्रोस्टेट कर्करोगाचे प्रमाण १७ टक्क्यांनी वाढलेले आढळले. जवस, टोमॅटो, भाज्या जरूर खाव्यात; हृदय आणि मधुमेहासाठी त्यांचा फायदा आहेच. पीएसए उतरवण्याचा उपाय म्हणून मात्र त्यांच्यावर भिस्त ठेवू नये.

जेवणाचा परिणाम आकड्यावर होतो तो वजनाच्या वाटेने, आणि तोही फसवा. लठ्ठ पुरुषांत रक्तद्रवाचे प्रमाण जास्त असते. त्यामुळे तेवढेच पीएसए अधिक द्रवात विरळ होते. अति लठ्ठ पुरुषांत ते ११ ते २१ टक्क्यांनी कमी दिसते, असे २००७ च्या अभ्यासात आढळले. पोट सुटलेल्या माणसाचा ‘चांगला’ आकडा त्यामुळे दिशाभूल करू शकतो.

म्हणून पीएसए पाहायचेच असेल, तर आधी डॉक्टरांशी बोलावे. केसांच्या गोळीसह सुरू असलेली सगळी औषधे त्यांना सांगावीत. लघवीचा जंतुसंसर्ग बरा होऊन सहा आठवडे झाल्यावर, आणि वीर्यपातानंतर दोन दिवस सोडून रक्त द्यावे. आकडा वाढलेला दिसला तर काही आठवड्यांनी चाचणी पुन्हा करावी, शक्यतो त्याच लॅबमध्ये. फिनास्टेराइड किंवा ड्युटास्टेराइड घेणाऱ्याचा सर्वांत खाली गेलेला आकडा पुन्हा चढू लागला, तर तो ४च्या आत असला तरी मूत्रविकारतज्ज्ञांना दाखवावा. या गोळ्यांचे नाव लॅबच्या रिपोर्टवर छापून येत नाही. ते रुग्णानेच सांगायचे असते.