शिबिराचा अग्निडबा

शिबिरास निघालेल्या विद्यार्थ्याच्या पिशवींत काडेपेटी असली म्हणजे विस्तवाची सोय झाली, असा पुष्कळांचा समज असतो. आमच्या मतें तो अपुरा आहे. आगकाडीच्या गुलांत पोटॅशियम क्लोरेट असतें, परंतु तिला पेटविणारा तांबडा फॉस्फरस पेटीच्या बाजूस लाविलेला असतो. ती बाजू भिजली कीं कोरड्या काड्याहि निरुपयोगी होतात. सह्याद्रींतील पावसांत असें होण्यास वेळ लागत नाहीं.

यास्तव प्रत्येक विद्यार्थ्यानें घट्ट झांकणाचा एक लहान पत्र्याचा डबा घरींच सिद्ध करावा. त्यांत वीस-पंचवीस काड्या व पेटीच्या बाजूची कापून घेतलेली पट्टी निरनिराळ्या कागदांत गुंडाळून ठेवावी. व्हॅसलीन चोळलेले कापसाचे चार-पांच बोळे, मेणबत्तीचा तुकडा आणि नारळाच्या सोडणाचा पिंजलेला काथ्या घालावा. नुसता कापूस क्षणांत जळून जातो. व्हॅसलीनमुळें तोच वातीप्रमाणें कांहीं मिनिटें जळतो, आणि तेवढ्यांत बारीक काटक्या पेट घेतात.

“मुलांच्या हातीं विस्तव कशाला?” असें आईबाप म्हणतील. त्यांची भीति खोटी नव्हे. परंतु आज बहुतेक घरीं बटण फिरवून गॅस पेटतो. चूल फुंकण्याचा प्रसंग मुलांस क्वचितच येतो. विस्तवाशीं ज्याची ओळख नाहीं, तोच ओल्या लांकडांवर रॉकेल ओततो व भाजून घेतो. म्हणून हा डबा वापरण्याचा पहिला धडा वडील माणसांच्या देखत अंगणांत व्हावा, अशी पालकांस आमची विनंति आहे.

मात्र विझविण्याची तयारी नसेल तर पेटविण्याची तयारी व्यर्थ होय. जागेवरील गवत-पाचोळा आधीं काढावा, पाण्याची भरलेली बादली जवळ ठेवावी, व निघतांना राखेवर पाणी ओतून ती ढवळावी. हाताची पाठ जवळ नेली असतां ऊब लागूं नये. फाल्गुन-चैत्रांत सुकलेल्या गवतास एक ठिणगी पुरते. नियम मोडून राखीव अरण्यास धोका होईल असा विस्तव करणें किंवा तो जळता सोडून जाणें, हा १९२७ च्या भारतीय वन कायद्यानें गुन्हा आहे.

राख गार झाल्याखेरीज जो विद्यार्थी तळ सोडीत नाहीं, त्याच्या हातीं हा डबा देण्यास कोणत्याहि पालकानें कचरूं नये.