केस लावले, पण डोकं का खाजतंय?

चौमूंहून जयपूर जेमतेम ३०-३५ किलोमीटर. लग्न ठरलं की ‘जरा केस लावून येतो’ म्हणणारे भाऊ-दीर तुमच्याही घरात असतील, तर हे त्यांना वाचून दाखवा.

हेअर ट्रान्सप्लांटनंतर पहिल्या काही आठवड्यांत लावलेले केस गळतात. घाबरू नका, मुळं आत शाबूत असतात. तीन-चार महिन्यांनी नवे केस येऊ लागतात. पण आलेले केस पुन्हा विरळ व्हायला लागले, डोकं खाजतंय, आग होतेय, केसांच्या मुळाशी लाली आणि खपली दिसतेय, तर? हा ‘लायकेन प्लॅनोपायलॅरिस’ असू शकतो. यात शरीराची प्रतिकारशक्ती केसांच्या मुळांवरच उलटते. मूळ गेलं की तिथे व्रण होतो, त्वचा गुळगुळीत दिसते आणि त्या जागी केस पुन्हा येत नाहीत. मग सासूबाईंचा कांद्याचा रसही बिचारा काय करणार!

अशा वेळी कुणी ‘आणखी एक सिटिंग करू’ म्हटलं, तर थांबा. आजार चालू असताना लावलेले केसही जाऊ शकतात आणि डोक्यामागचा साठा काही संपणार नाही असा नसतो. आधी त्वचारोगतज्ज्ञांना दाखवा, त्यांनी सांगितल्यास बायोप्सी करून घ्या. औषधांनी आजार आटोक्यात ठेवता येतो, गेलेले केस मात्र परत येत नाहीत.

खरं तर टाळू तपासायची ती ऑपरेशनच्या आधीच. कधीकधी साधं टक्कल समजलेलं मुळात हेच असतं. यूट्यूब पाहून हे काम शिकता येत नाही, असं राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाला २०२२ मध्ये सांगावं लागलं! तेव्हा पैसे भरण्याआधी विचारा: टाळू कोण तपासणार, आणि केस कोण लावणार, डॉक्टर की मदतनीस?