निफाडचा आठवड्याचा अंदाज रोज का बदलतो?

नाशिक : सोमवारी पाहिलेल्या हवामान अंदाजात शुक्रवारी पाऊस असतो. मंगळवारी तो शनिवारवर सरकतो आणि बुधवारी आठवडाभर आकाश निरभ्र असल्याचे दिसते. निफाडसारख्या तालुक्याच्या गावी हिवाळ्यात हा अनुभव नवा नाही. शहरवासीयांच्या लेखी हा प्रश्न छत्री सोबत नेण्यापुरता असतो. द्राक्षबागायतदारांचा मात्र हजारो रुपयांचा निर्णय त्यावर अवलंबून असतो. फवारणीपाठोपाठ पाऊस आला तर औषध धुऊन जाते, आणि फवारणी लांबवली तर डाऊनीला वाट मोकळी होते. २६ नोव्हेंबर २०२३ रोजी झालेल्या गारपिटीने व अवकाळी पावसाने तालुक्यातील द्राक्षबागा आणि कांद्याची जी हानी केली, ती या भागात अद्याप विस्मरणात गेलेली नाही.

अंदाज बदलला म्हणजे वेधशाळा चुकली, असा समज सर्रास आढळतो. वस्तुस्थिती वेगळी आहे. उत्तर महाराष्ट्रातील हिवाळी पाऊस बहुधा उत्तरेकडून जाणारा पश्चिमी झंझावात आणि समुद्रावरून येणारे बाष्प यांच्या संयोगातून पडतो. हा संयोग शंभर किलोमीटरने सरकला, तरी निफाडचा पाऊस धुळे-जळगावकडे जातो. आरंभीच्या नोंदींतील अल्पसा फरक काही दिवसांत अंदाज पार बदलून टाकतो, हे अमेरिकी शास्त्रज्ञ एडवर्ड लॉरेन्झ यांनी १९६३ मध्येच दाखवून दिले होते. त्यामुळे पहिल्या दोन-तीन दिवसांचा अंदाज बऱ्यापैकी भरवशाचा असतो. पाचव्या-सहाव्या दिवसाचा अंदाज केवळ कल सांगतो. मोबाइलच्या पडद्यावर मात्र सातही दिवसांचे आकडे सारख्याच ठसठशीत अक्षरांत उमटतात आणि तेथेच गफलत होते.

गाव जितके लहान, तितकी ही अडचण मोठी. इगतपुरी आणि निफाड एकाच जिल्ह्यात आहेत. पण पहिले घाटमाथ्यावरचे, धो-धो पावसाचे, तर दुसरे पर्जन्यछायेतले. जिल्ह्यासाठी दिलेला एकच अंदाज दोघांना सारखा लागू पडणे कठीण. थंडीचेही तसेच. निफाडच्या नीचांकी तापमानाच्या ज्या बातम्या दरवर्षी येतात, त्यांतील आकडे कुंदेवाडीच्या गहू संशोधन केंद्रातील तापमापकाचे असतात. मोबाइलवरील आकडा बहुधा या तापमापकावरून येत नाही. तो संगणकीय प्रारूपातील विस्तीर्ण चौकोनाची सरासरी असतो. एका रात्री ढग दाटले, तरी किमान तापमान काही अंशांनी वर चढते आणि कडाक्याच्या थंडीचा अंदाज फोल ठरतो.

शब्दांचा गोंधळ याहून अधिक. हवामान खात्याच्या भाषेत 'तुरळक ठिकाणी पाऊस' याचा अर्थ हलका पाऊस असा नव्हे. त्या क्षेत्रातील २५ टक्क्यांपर्यंत केंद्रांवर पाऊस, एवढाच तो अर्थ. २६ ते ५० टक्के म्हणजे 'काही ठिकाणी', तर ५१ ते ७५ टक्के म्हणजे 'बऱ्याच ठिकाणी'. तुरळक ठिकाणी पडणारा पाऊस एखाद्या शिवाराला झोडपूनही काढू शकतो. 'यलो अलर्ट' हीदेखील संकटाची ग्वाही नसून सावध राहण्याची सूचना असते.

सुधारणा होत नाहीत, असे म्हणता येणार नाही. ऑक्टोबर २०२४ मध्ये ग्रामपंचायतनिहाय पाच दिवसांचा अंदाज देण्यास प्रारंभ झाला. मे २०२५ मध्ये पुण्याच्या भारतीय उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्थेने विकसित केलेली 'भारत फोरकास्ट सिस्टिम' कार्यान्वित झाली. त्यामुळे बारा किलोमीटरचे चौकोन सहा किलोमीटरवर आले. राज्यात 'महावेध' प्रकल्पांतर्गत महसूल मंडळांत दोन हजारांहून अधिक स्वयंचलित हवामान केंद्रे उभी आहेत. मात्र अंदाजाचा शेतीच्या भाषेत उलगडा करणारी जिल्हा कृषी हवामान केंद्रे देशभरात २०२४ मध्ये बंद करण्यात आली. चौकोन बारीक झाले. पण त्यांचा अर्थ सांगणारा माणूस दुरावला.

सहा किलोमीटरच्या चौकोनातही एखाद्या बागेवर गारा पडतील की नाही, हे आठवडाभर आधी सांगणे शक्य नाही. गारपिटीची नेमकी सूचना बहुतेक वेळा तीन तासांच्या तातडीच्या अंदाजातूनच मिळते. म्हणूनच आठवड्याच्या अंदाजावरून मजुरांची व साहित्याची जुळवाजुळव करावी, फवारणीचा दिवस मात्र शेवटच्या दोन दिवसांच्या अंदाजावरून ठरवावा, हेच व्यवहार्य ठरते. अंदाज देणाऱ्या यंत्रणेनेही प्रत्येक दिवसाच्या आकड्यासोबत त्याची खात्री किती, हे साध्या मराठीत सांगावयास हवे. बदलणारा अंदाज शेतकरी समजून घेईल. पण ठाम स्वरात सांगितलेला अंदाज रोज फिरू लागला, तर खऱ्या संकटाच्या दिवशीही इशाऱ्याकडे कोणी लक्ष देणार नाही.