खणातला काळा दगड

बालमित्रांनो, नदीकाठी किंवा डोंगरावर फिरायला गेलात, की खिशात एखादा तरी दगड घालून आणता ना? कधी पांढरीशुभ्र गारगोटी, कधी रंगीत खडा. मग धुण्याच्या वेळी आई खिसे रिकामे करायला लावते आणि तो दगड टेबलाच्या खणात जाऊन पडतो. महिन्याभराने कुणी विचारलं, "हा कुठला रे?" तर आपल्याला काही केल्या आठवत नाही!

आज अशाच एका खणातल्या दगडाची गोष्ट सांगतो. तो पन्नासहून अधिक वर्षं नुसता पडून होता आणि त्याच्या पोटात एक मूलद्रव्य लपलेलं होतं.

ही गोष्ट सुरू होते इंग्लंडमध्ये. १६६० साली लंडनच्या काही विद्वानांनी 'रॉयल सोसायटी' नावाची संस्था स्थापन केली. कुणी सांगितलं म्हणून विश्वास ठेवायचा नाही, स्वतः पाहायचं, प्रयोग करायचा आणि मगच बोलायचं, असा त्यांचा बाणा होता. पण साऱ्या जगातल्या गोष्टी लंडनमध्ये बसून कशा पाहणार? म्हणून संस्थेने दूरच्या सफरीवर निघणाऱ्या खलाशांसाठी सूचना छापल्या : काय काय पाहावे, कशाची नोंद ठेवावी, वगैरे. देशोदेशींहून दगड, शंख, बिया, प्राण्यांची हाडे येऊ लागली. संस्थेचे स्वतःचे संग्रहालयच तयार झाले. १६८१ साली नेहेमाया ग्रू यांनी त्याची जाडजूड यादी छापली.

त्या काळी अमेरिकेच्या पूर्व किनाऱ्यावर इंग्रजांच्या वसाहती होत्या. त्यांतल्या कनेक्टिकटचे गव्हर्नर होते जॉन विंथ्रॉप (१६०६ ते १६७६). राज्यकारभार सांभाळून त्यांना आणखी एक नाद होता, खनिजे शोधण्याचा! लोखंडाचा कारखाना त्यांनी काढला, रानावनांतून धातूंचे दगड धुंडाळले. रॉयल सोसायटीचे ते अमेरिकेतले पहिले सभासद. तिकडच्या नवलाईच्या वस्तू ते लंडनला पाठवत असत.

आजोबांचा हा नाद नातवाने उचलला. नातवाचे नावही जॉन विंथ्रॉपच, बरं का! (१६८१ ते १७४७.) वारसाहक्काच्या भांडणासाठी हे नातू १७२६ साली लंडनला गेले. दावा जिंकले, पण परत म्हणून गेले नाहीत. १७३४ साली ते रॉयल सोसायटीचे सभासद झाले आणि त्याच वर्षी त्यांनी अमेरिकेतले सहाशेहून अधिक नमुने संस्थेला भेट दिले. तेव्हा संस्थेचे अध्यक्ष होते डॉक्टर हान्स स्लोन. त्यांचा स्वतःचा संग्रह तर घरात मावेनासा झाला होता! विंथ्रॉप यांच्याकडचा एक काळा, जड दगड याच स्लोनसाहेबांच्या संग्रहात आला. स्लोन यांनी आपल्या वहीत नोंद केली : अतिशय जड काळा दगड, न्यू इंग्लंडमधल्या नॉटनीग या जागचा, विंथ्रॉप यांनी पाठवलेला.

बस्स, एवढीच नोंद. पण ती लक्षात ठेवा.

१७५३ साली स्लोन वारले. त्यांच्या संग्रहातूनच लंडनचे ब्रिटिश म्युझियम उभे राहिले आणि आपला काळा दगड तिथल्या खणात जाऊन बसला.

उजाडले १८०१ साल. चार्ल्स हॅचेट नावाचे रसायनशास्त्रज्ञ म्युझियममधली खनिजे नीट लावत होते. त्यांच्या वडिलांचा धंदा घोडागाड्या बनवण्याचा, पण मुलाचा जीव रसायनांत! नमुने हाताळताना हा काळा दगड त्यांच्या नजरेस पडला. ते त्या वेळी सैबेरियातल्या एका खनिजावर प्रयोग करत होते, आणि हा दगड थोडासा तसाच दिसत होता. त्यांनी जुनी नोंद काढून पाहिली आणि त्याचा एक तुकडा तपासायला घेतला.

तो दगड मोठा हट्टी निघाला. आम्लाला दाद देईना. मग हॅचेट यांनी त्याची पूड पोटॅशच्या क्षाराबरोबर भट्टीत वितळवली, नंतर आम्ल घातले, पुन्हा वितळवले. असे अनेक वेळा केल्यावर दगडातले लोखंड बाजूला झाले आणि उरली एक पांढरी पूड. दगडाचा तीन चतुर्थांशाहून जास्त भाग या पुडीचाच होता. उकळत्या नायट्रिक आम्लातही ती विरघळेना. तोवर माहीत असलेल्या कुठल्याच धातूशी तिचे गुण जुळेनात. हा नवाच धातू होता! २६ नोव्हेंबर १८०१ रोजी हॅचेट यांचा निबंध रॉयल सोसायटीत वाचला गेला. दगड अमेरिकेचा, आणि अमेरिकेला लाडाने 'कोलंबिया' म्हणत. म्हणून धातूचे नाव ठेवले 'कोलंबियम'.

पण इथेच गोष्ट संपत नाही. पुढच्याच वर्षी स्वीडनच्या एकेबर्ग यांना 'टँटलम' नावाचा तसाच एक धातू सापडला. १८०९ साली वुलस्टन या नामवंत शास्त्रज्ञांनी दोन्ही तपासले आणि जाहीर केले, की हे दोन्ही धातू एकच आहेत! गंमत म्हणजे, हॅचेटचा दगड पाण्याच्या सुमारे सहापट जड होता आणि स्वीडनचा जवळजवळ आठपट. हा फरक वुलस्टन यांनी स्वतःच मोजला होता, तरी त्यांचे मत बदलले नाही. एवढा मोठा माणूस म्हणतोय म्हटल्यावर बाकीच्यांनीही मान डोलावली. 'कोणी सांगितलं म्हणून विश्वास ठेवायचा नाही' हा नियम शास्त्रज्ञसुद्धा कधी कधी विसरतात, पाहिलंत ना?

पुढे १८४४ साली जर्मनीच्या हाइनरिश रोझ यांनी दाखवले, की टँटलमच्या खनिजात टँटलमखेरीज दुसराही एक धातू असतो. ग्रीक पुराणात टँटलस राजाची मुलगी नायोबी, म्हणून त्यांनी त्याचे नाव 'नायोबियम' ठेवले. तो म्हणजे हॅचेट यांचाच कोलंबियम! १८६४ साली ब्लोमस्ट्रांड यांनी तो शुद्ध धातूच्या रूपात मिळवला. एका धातूला दोन नावे कित्येक वर्षे चालली. अखेर १९४९ साली जगातल्या रसायनशास्त्रज्ञांनी 'नायोबियम' हे नाव पक्के केले. अणुक्रमांक ४१. विज्ञानाच्या पुस्तकातली आवर्तसारणी उघडा आणि शोधा पाहू!

"पण या धातूचा उपयोग काय?" असं विचाराल. इस्पितळातल्या एमआरआय यंत्रात प्रचंड शक्तीचा चुंबक असतो. बहुतेक यंत्रांत त्याची तार नायोबियम आणि टायटॅनियम यांच्या मिश्रधातूची असते. द्रवरूप हेलियममध्ये उणे २६९ अंश सेल्सियसपर्यंत थंड केली, की तिच्यातून वीज कसलाही विरोध न होता वाहते. आणखी एक ऐका. आपल्या पीएसएलव्ही रॉकेटच्या चौथ्या टप्प्याच्या इंजिनांना याच धातूच्या मिश्रधातूची नॉझल बसवली गेली, आणि आपले अवकाश शास्त्रज्ञ तिला 'कोलंबियम'चा मिश्रधातू असंच म्हणतात. हॅचेट यांचं नाव असं आकाशात जाऊन पोहोचलं!

आता त्या नोंदीकडे परत येऊ. विंथ्रॉप यांना त्या दगडात काय आहे हे मुळीच माहीत नव्हते. स्लोन यांनाही नाही. पण कुठला आणि कुणी दिला, एवढे लिहून ठेवले होते, म्हणून तो 'कुठलासा काळा दगड' राहिला नाही. रॉयल सोसायटीच्या संग्रहालयाची मात्र हळूहळू आबाळ झाली. १७८१ साली उरलेल्या वस्तू ब्रिटिश म्युझियमला देण्यात आल्या, तोवर कितीतरी नमुने खराब झाले होते. आपला दगड मात्र आजही लंडनच्या नॅचरल हिस्टरी म्युझियममध्ये सुखरूप आहे.

मग दोस्तांनो, तुमच्या खणातले दगड बाहेर काढा. प्रत्येकाला पांढऱ्या रंगाचा ठिपका देऊन त्यावर नंबर घाला. वहीत त्या नंबरापुढे चार गोष्टी लिहा : कुठे मिळाला, कधी मिळाला, कुणी दिला आणि दिसतो कसा. आठवत नसेल तर 'आठवत नाही' असं लिहा, अंदाजाने ठोकून देऊ नका. किल्ल्यांचे, लेण्यांचे दगड फोडायचे नाहीत आणि खाणीत एकट्याने जायचं नाही, हे सांगायला नकोच.

आणि आईबाबांनो, खिसे जरूर रिकामे करा. पण दगड फेकण्याआधी एकदा विचारा, "हा कुठला रे?"