आजी आणि अजिमा : काठमांडूच्या खोऱ्यात चार दिवस

ट्रॅव्हल एजंटने पाठवलेल्या पीडीएफमध्ये दोनच दिवस होते. पहिला दिवस ‘हिंदू दर्शन’, दुसरा दिवस ‘बौद्ध दर्शन’ आणि प्रत्येक ठिकाणासमोर मिनिटं लिहिलेली. पशुपतिनाथ ४५ मिनिटं, स्वयंभूनाथ ३० मिनिटं. आजीने चष्मा वर सरकवून ते वाचलं आणि म्हणाली, “अगं, तीस मिनिटं तर मला चपला काढून परत घालायलाच लागतील.”

आम्ही बेळगावचे. जाणारे चौघं : ७८ वर्षांची आजी, आई, आठवीतला भाऊ आणि मी. आजीला पशुपतिनाथ करायचं होतं, भावाला विमानातून हिमालय बघायचा होता आणि आईला चार दिवस कुणी “भाजी काय आहे?” विचारू नये एवढंच हवं होतं. मी दोनाचे चार दिवस केले. आपण फक्त वेळ वाढवतोय असं तेव्हा वाटलं. तिथे गेल्यावर कळलं की त्या पीडीएफची खरी चूक मिनिटांची नव्हतीच. हिंदूंचा एक दिवस आणि बौद्धांचा एक दिवस ही वाटणीच त्या खोऱ्यात लागू पडत नाही.

आधी कागदपत्रांचं सांगते, कारण विमानतळावर आमच्यासमोरच एक कुटुंब अडकलं होतं. नेपाळला भारतीयांना व्हिसा लागत नाही. पण मोठ्यांकडे पासपोर्ट किंवा मतदार ओळखपत्र हवं, नुसतं आधार कार्ड चालत नाही. १५ वर्षांखालच्या आणि ६५ वर्षांवरच्या लोकांना मात्र चालतं, म्हणून आजी आणि भाऊ सुटले. तिथे घड्याळ आपल्यापेक्षा १५ मिनिटं पुढे असतं आणि आपला एक रुपया म्हणजे त्यांचे १ रुपया ६० पैसे. भावाला हा हिशेब इतका आवडला की पुढचे चार दिवस तो प्रत्येक पाटी वाचून भागाकार करत होता. पाट्या देवनागरीत असल्यामुळे आजीही वाचत होती. परदेशात आपल्याला सगळं वाचता येतंय याचं तिला फार कौतुक.

काठमांडूचं खोरं समुद्रसपाटीपासून साधारण १,३५० मीटर उंचीवर आहे, चारी बाजूंनी डोंगर. इथे पूर्वी तळं होतं, मंजुश्री बोधिसत्त्वाने चोभारजवळ तलवारीने डोंगर कापला, पाणी वाहून गेलं आणि वस्ती झाली, अशी कथा सांगतात. भूगर्भशास्त्रज्ञही इथे फार पूर्वी खरंच तळं होतं असंच म्हणतात, तलवार वगळून. १९७९ साली युनेस्कोने या खोऱ्यातल्या सात जागा मिळून एक जागतिक वारसा स्थळ जाहीर केलं. काठमांडू, पाटण आणि भक्तपूर इथले तीन दरबार चौक, पशुपतिनाथ आणि चांगुनारायण ही मंदिरं, स्वयंभू आणि बौद्धनाथ हे स्तूप.

पहिल्या दिवशी पशुपतिनाथ. आतल्या आवारात फोटो काढता येत नाही, चामड्याच्या वस्तू नेता येत नाहीत. तिथले मुख्य पुजारी परंपरेने दक्षिण भारतातून, बहुतेक कर्नाटकातून येतात हे मी आजीला रांगेत सांगितलं. ती एकदम खुलली. “मग कानडीत बोलू का?” रांग इतक्या जोरात पुढे सरकली की तिला ते जमलं नाही, पण संध्याकाळपर्यंत ती हळहळत होती. शनिवार हा नेपाळचा साप्ताहिक सुट्टीचा दिवस, त्या दिवशी देवळात जाणं टाळा.

दर्शनानंतर आम्ही बागमतीच्या पलीकडच्या काठावर पायऱ्यांवर बसलो. समोरच्या घाटावर चिता जळत होत्या. भावाने हे पहिल्यांदाच पाहिलं. तो काही बोलला नाही, फक्त आजीला चिकटून बसला. आमच्या शेजारी काही पर्यटक मोबाइल झूम करून रडणाऱ्या माणसांचे व्हिडिओ घेत होते. मनाई असो वा नसो, हे करू नये. आपल्या घरच्या कुणाच्या शेवटच्या क्षणी असं कुणी केलं असतं तर?

दुसऱ्या दिवशी पाटण, आणि आजीचा प्रश्न तिथे सुरू झाला. दरबार चौकात १६३७ साली सिद्धिनरसिंह मल्ल राजाने बांधलेलं दगडी कृष्णमंदिर आहे, २१ शिखरांचं. खालच्या मजल्यांवर महाभारत आणि रामायणाचे प्रसंग कोरलेत. आजी एकेक प्रसंग ओळखत होती. तिथून थोडं चाललं की गल्लीत हिरण्यवर्ण महाविहार लागतो, सोनेरी पत्र्याने मढवलेला बौद्ध विहार. तिथल्या गाभाऱ्याची सेवा बारा वर्षांखालचा एक मुलगा करतो आणि ठरलेले दिवस भरले की दुसरा येतो. त्याच्या वयाचा असूनही तो किती गंभीर होता हे बघून आमचा भाऊ जरा वरमला. विहारातून बाहेर पडून पुढे गेलं की लगेच कुंभेश्वर, पाच मजली शिवमंदिर. आजीने विचारलं, “हे आपलं की त्यांचं?”

त्या दिवशी हा प्रश्न तिने निदान पाच वेळा विचारला असेल. शेवटचा मच्छिंद्रनाथांपाशी. हो, आपलेच मच्छिंद्रनाथ. निवृत्तिनाथ-ज्ञानेश्वरांची गुरुपरंपरा ज्यांच्यापासून सांगतात ते. आजीकडे ‘नवनाथ भक्तिसार’ची पोथी आहे, तिला त्यांची ओळख करून द्यायला नको. पाटणला ते लाल रंगाचे, रातो मच्छिंद्रनाथ. बौद्धांसाठी तेच लोकेश्वर, करुणामय. पुजारी बौद्ध आणि रथ ओढायला सगळे. कथा अशी की गोरखनाथ नागांवर आसन घालून बसले, पाऊस थांबला, बारा वर्षं दुष्काळ पडला. तेव्हा गुरूला इथे आणलं, गोरखनाथ नमस्कारासाठी उठले, नाग सुटले आणि पाऊस आला. अजूनही पावसाळ्याच्या तोंडावर सुमारे ६० फूट उंचीचा रथ दोरांनी ओढत शहरातून नेतात. २०१५ साली दर बारा वर्षांनी येणारा मोठा रथोत्सव चालू असतानाच भूकंप झाला.

२५ एप्रिल २०१५, शनिवार, दुपारचे १२ वाजायला आले होते. ७.८ तीव्रतेचा धक्का. नेपाळमध्ये सुमारे ९,००० माणसं गेली. पाटणच्या चौकात चार नारायण आणि हरिशंकर ही मंदिरं ढिगारा झाली. आज तुम्ही गेलात तर ती उभी दिसतील. नीट पाहिलंत तर छपराला खालून आधार देणाऱ्या तिरक्या लाकडांमध्ये काही काळी, झिजलेली आणि काही ताजी पिवळसर दिसतात. जुनी म्हणजे ढिगाऱ्यातून उचलून, जपून ठेवून पुन्हा बसवलेली. आई बराच वेळ मान वर करून जुनी कुठली, नवी कुठली ते शोधत होती. एजंटच्या पीडीएफमध्ये पाटण नव्हतंच.

काठमांडूचा दरबार चौक आम्ही धावतच पाहिला, गर्दी फार होती. पण कुमारीघराबद्दल सांगायलाच हवं. जिवंत देवी म्हणून जी लहान मुलगी निवडतात ती शाक्य कुळातली, म्हणजे बौद्ध घरातली, आणि तिच्यात वास मानतात तो तळेजू या हिंदू देवीचा. अंगणात आम्ही दहा मिनिटं थांबलो, वरच्या खिडकीत ती क्षणभर आली आणि गेली. फोटो काढायला बंदी आहे. लोकांनी हात जोडले, आईने जोडले नाहीत. “हिची शाळा?” एवढंच ती म्हणाली. घरी शिकवणी होते. शिक्षणाचा हक्क तिलाही आहे असं नेपाळच्या सर्वोच्च न्यायालयाने २००८ साली सांगितलं. तरीही आईचा चेहरा मोकळा झाला नाही, आणि मला वाटतं तिचं चुकलं नाही.

तिसरा दिवस भक्तपूर आणि चांगुनारायण. भक्तपूरला न्यातपोल हे १७०२ सालचं पाच मजली मंदिर. दोन्ही मोठे भूकंप, १९३४चा आणि २०१५चा, त्याने सोसले. पायऱ्यांच्या दोन्ही बाजूंना खालून वर मल्ल, हत्ती, सिंह, शार्दूल आणि देवता. प्रत्येक जोडी खालच्या जोडीच्या दसपट बलवान, असं मानतात. भावाने लगेच हिशेब केला की देवता मल्लांच्या १०,००० पट. तिथेच मातीच्या वाटीत मिळणारं जुजु धौ हे घट्ट, गोडसर दही खा. तिकिटाच्या खिडकीवर सार्क देशांचा दर मागायला विसरू नका, इतर परदेशी पाहुण्यांपेक्षा तो बराच कमी असतो.

चांगुनारायण टेकडीवर आहे आणि तिथे गर्दी नसते. देवळासमोरच्या खांबावर इ. स. ४६४चा मानदेव राजाचा संस्कृत लेख आहे. राजाचे वडील वारले तेव्हा आई राज्यवती सती जायला निघाली आणि मुलाने तिला विनवून थांबवलं, हे त्यात लिहिलंय. मी फोनवर वाचून दाखवलं. आजी त्या खांबाकडे बघत म्हणाली, “पंधराशे वर्षांपूर्वी एका पोराला कळलं.” मग आम्ही पायऱ्यांवर बसून डब्यातल्या दशम्या खाल्ल्या.

संध्याकाळी बौद्धनाथ. भूकंपात वरचा भाग तडकलेला हा स्तूप २०१६च्या नोव्हेंबरमध्ये पुन्हा खुला झाला. दिवेलागणीला शेकडो माणसं उजवीकडून डावीकडे नव्हे, स्तूप उजव्या हाताला ठेवून फिरत असतात, आपल्या प्रदक्षिणेसारखीच. आजीने दोन फेऱ्या मारल्या, आम्ही पाच.

चौथा दिवस स्वयंभूसाठी राखला होता. पूर्वेकडून ३६५ पायऱ्या आहेत. आम्ही टॅक्सीने मागच्या बाजूने गेलो, तिकडून चढ बराच कमी. भाऊ हट्टाने पायऱ्यांनीच आला. स्तूपावर चारी दिशांना बुद्धाचे डोळे आणि नाकाच्या जागी वळणदार खूण. आजी म्हणाली, “हा तर आपला एक आकडा.” खरंच, तो देवनागरी १ आहे.

स्तूपाच्या बाजूला एक छोटं दुमजली देऊळ आहे, हारितीचं. बायकांची रांग, कडेवर बाळं, ताटात तांदूळ, फुलं, दिवे. हारिती आधी दुसऱ्यांची मुलं खायची. बुद्धाने तिचं सगळ्यात धाकटं मूल भिक्षापात्राखाली लपवलं, तेव्हा तिला आईचं दुःख कळलं आणि ती मुलांची रक्षणकर्ती झाली. आपल्या अजिंठ्याच्या दोन नंबरच्या लेण्यातही ती आहे. इथे हिंदू तिला शीतला म्हणतात, देवीच्या साथीची देवी. आजीने रांगेतल्या एका बाईला मोडक्या हिंदीत विचारलं, “ये किसका देवी? हमारा या बुद्ध का?”

ती बाई गोंधळली. तिला प्रश्नच कळला नसावा. मग हसून म्हणाली, “अजिमा.” आणि पुढे, “मतलब दादी.”

“आजी?” आजीने स्वतःकडे बोट दाखवलं. दोघी हसत सुटल्या. त्या बाईने आपलं बाळ आजीच्या हातात दिलं आणि ताट घेऊन पुढे गेली.

आजी बाळाला घेऊन कट्ट्यावर बसली. तिच्या दंडावर देवी काढल्याचे दोन गोल व्रण आहेत, लहानपणी मी त्यांच्यावर बोट फिरवायचे. म्हणाली, “आमच्या गावात देवी काढायला माणूस आला तोपर्यंत उशीर झाला होता. माझा धाकटा भाऊ गेला. दोन वर्षांचा होता. आई त्यानंतर शीतळादेवीच्या देवळात कधी गेली नाही.” १९८० साली हा रोग जगातून संपल्याचं जाहीर झालं. तेव्हा माझी आई शाळेत होती. घरात या भावाबद्दल कधी कुणी बोललं नव्हतं, आईलाही माहीत नव्हतं.

आजीने त्याचं नाव सांगितलं. आईने ते एकदा हळूच म्हणून पाहिलं.

बाळाची आई परत आली. आजीने बाळाच्या मुठीत शंभराची नोट ठेवली, बाई नको नको म्हणत राहिली. तेवढ्यात भाऊ पायऱ्या चढून धापा टाकत पोचला, कारण त्याच्या वेफर्सच्या पाकिटाच्या मागे एक माकड लागलं होतं.