पाचटाचा धूर आणि हिमाद्री

प्रति,
मा. संचालक,
राष्ट्रीय ध्रुवीय व महासागर संशोधन केंद्र, वास्को, गोवा



देवळाली प्रवराच्या शिवारात ऊस तुटून गेला की अनेक जण पाचट पेटवतात. काडी लावली की रान मोकळं, खोडव्याला पाणी द्यायला सोपं. हा धूर ध्रुवावर जातो असा दावा कोणी करणार नाही. तो आधी गावाच्याच नाकातोंडात जातो.

पण शेतातला धूर ध्रुवप्रदेशात पोचल्याची नोंद केंद्राच्याच अंगणातली आहे. 2006 च्या वसंतात युक्रेन, बेलारूस आणि रशियातल्या शेतकऱ्यांनी मागच्या पिकाचे अवशेष जाळले. वारे उत्तरेकडे वळले, आर्क्टिकही त्या वर्षी एरवीपेक्षा उबदार होतं. स्वालबार्डमधल्या न्यू-ऑलेसुंडजवळच्या झेपेलिन वेधशाळेत हवेच्या प्रदूषणाचे तोवरचे उच्चांक मोडले, जमिनीलगतचा ओझोनही विक्रमी वाढला, हिमनदीवरचा बर्फ काळवंडला. दोनच वर्षांनी, 2008 मध्ये, त्याच न्यू-ऑलेसुंडला केंद्र चालवतं ते भारताचं 'हिमाद्री' स्थानक उघडलं.

दक्षिणेकडची गोष्ट उलटी. तिथे धुराने उंचावरचा ओझोन घटवला.

ऑस्ट्रेलियात 2019-20 मध्ये निलगिरीची जंगलं पेटली तेव्हा आगीच्या उष्णतेने उठलेल्या ढगांनी सुमारे 10 लाख टन धूर थेट स्थितांबरात नेला. तिथला बराचसा क्लोरिन हायड्रोक्लोरिक आम्लाच्या रूपात गप्प असतो. अंटार्क्टिकावर उणे 78 अंशांच्या आसपास बनणारे ढग त्याला मोकळा करतात आणि मग तो ओझोन खातो. धुरातले सेंद्रिय कण मात्र कमी थंडीतही हे आम्ल विरघळवून घेतात आणि क्लोरिन मोकळा होतो. शास्त्रज्ञ सुसान सॉलोमन आणि सहकाऱ्यांनी 2023 मध्ये मांडलेल्या हिशेबानुसार 2020 मध्ये दक्षिण गोलार्धाच्या मध्य अक्षांशांवर 3 ते 5 टक्के ओझोन या धुराने घटला. क्लोरिन जुन्या फ्रिजांचा आणि फवाऱ्याच्या डब्यांचा, धूर जंगलाचा. 1987 च्या मॉन्ट्रियल कराराने त्यातल्या पहिल्याचाच बंदोबस्त केला.

राहुरीचं महात्मा फुले कृषी विद्यापीठ आमच्याच तालुक्यात आहे. हेक्टरी 8 ते 10 टन पाचट युरिया, सुपर फॉस्फेट आणि जिवाणू टाकून सरीतच कुजवा, हे ते सांगतंच. केंद्राने त्यांच्या मेळाव्यात आपला एखादा शास्त्रज्ञ पाठवावा आणि 2006 च्या काळवंडलेल्या बर्फाची हकिगत मराठीत सांगावी. गळीत हंगाम दिवाळीच्या सुमारास सुरू होतो. त्याआधी जमलं तर बरं.

कळावे,
एक ऊस उत्पादक
देवळाली प्रवरा, ता. राहुरी